सरीची सॉरी

मी नेतृत्व शिकवते. लग्नकार्यात कुणी विचारलं तर मी 'कॉलेजात असते' एवढंच सांगून ताटातल्या जिलबीकडे वळते. एकदा खरं सांगितलं होतं, तेव्हा माझ्या आत्यानं भर पंगतीत विचारलं, "अगं, तुला घरात कुणी विचारत नाही, तू लोकांना काय शिकवणार?" आत्याचं काही चुकलं नव्हतं. बंगळुरूच्या एका मॅनेजमेंट संस्थेत मी गेली कित्येक वर्षं सांगत आले आहे की अधिकार कसा मिळवावा, कसा वापरावा, आणि करिअर नावाची शिडी कशी चढावी. माझा स्वतःचा स्वभाव मात्र चटकन रागावणारा आणि चूक उशिरा कबूल करणारा. हे मी वर्गात सांगत नाही.

शनिवारी माझ्या वर्गात नोकरी सांभाळून शिकणारी मंडळी येतात. कुणी सॉफ्टवेअरवाले, कुणी बँकेतले, कुणी यशवंतपूरला गोदामं सांभाळणारे. सगळ्यांना मनातून एकच विचारायचं असतं: मॅडम, पुढची पायरी कधी? मी फळ्यावर बाण काढते, चौकोन काढते, आणि ती वहीत उतरवून घेतात. बाणांनी अजून तरी कुणाचं नुकसान झालेलं नाही, असं मी दोन वर्षांपूर्वीपर्यंत समजत होते.

तेव्हा मी एक अभ्यास हाती घेतला होता. आनेकलच्या अलीकडे मोटारींचं वायरिंग तयार करणारा एक कारखाना आहे. लांबलचक फळ्यांवर रंगीत तारा अंथरायच्या, त्यांचे जुडगे बांधायचे, टेप गुंडाळायची, टोकांना कनेक्टर बसवायचे, असं ते काम. काम करणाऱ्या बहुतेक बायका, आणि प्रत्येक लाइनवर एक सुपरवायझर, तीही बाईच. या सुपरवायझर हुकूम कसा देतात, हा माझा प्रश्न होता. सगळ्यांची संमती घेऊन आम्ही त्यांच्या ओढणीला छोटे माइक लावले आणि पाळी सुरू होतानाचं बोलणं रेकॉर्ड केलं.

खरं सांगायचं तर तो प्रश्न नव्हताच, माझ्याकडे उत्तर तयार होतं. अधिकारावर आलेल्या बायका आवाज मऊ करतात, काम सांगताना आधी माफी मागतात, आणि म्हणून मागे राहतात, हे मी वर्गात इतकी वर्षं सांगत होते की आता फक्त पुरावा जोडायचा बाकी होता.

रेकॉर्डिंग बहुतेक कन्नडमध्ये होतं. ते एका सॉफ्टवेअरला दिलं की त्याचं इंग्रजी करून मिळायचं. माझी पीएचडीची विद्यार्थिनी लखनौकडची, ती ते इंग्रजी वाचून कुठे विनंती, कुठे हुकूम, कुठे माफी अशा खुणा करायची. मी त्या खुणा तपासायची. मी मूळची निपाणीची. आमच्या गल्लीत अर्धी घरं कन्नड बोलणारी, ती भाषा मला शिकावी लागली नाही. तरीही मी इंग्रजी कागदच तपासत राहिले. तो कागद टाइप केलेला, स्वच्छ होता, आणि मला घाई होती.

त्या कागदांत एक सुपरवायझर आम्हाला सोन्यासारखी सापडली. चाळिशीची, नऊ वर्षं लाइन सांभाळणारी. तिच्या बोलण्यात पावलोपावली 'सॉरी'. 'सॉरी, सॉरी, होऊन जाईल.' 'सॉरी, तू तिकडे बस.' विद्यार्थिनीनं खुणा करायला वापरलेला लाल रंग तिच्या पानांवर असा पसरला होता की बघूनच मला आनंद झाला. हो, आनंदच झाला. संशोधकाला दुसऱ्याचं दुर्दैव सापडलं की होतो तो आनंद.

कारखान्यानं आम्हाला आत येऊ दिलं होतं ते एका बोलीवर. प्रत्येक सुपरवायझरबद्दल एक पानाचा अभिप्राय द्यायचा, फक्त तिच्या प्रशिक्षणासाठी. मी तिच्याबद्दल लिहिलं: अनुभवी आहे, कष्टाळू आहे, सहकाऱ्यांना आवडते, पण सतत माफी मागते, अधिकार वापरायला कचरते, मोठ्या जबाबदारीसाठी अजून तयार नाही. खाली सही केली. त्यातला 'अजून' मला स्वतःलाच फार समंजस वाटला होता.

काही महिन्यांनी शनिवारच्या वर्गात मी त्या रेकॉर्डिंगचा एक तुकडा लावला. बाईचं नाव, कारखान्याचं नाव काही नाही, नुसता आवाज. पडद्यावर इंग्रजी वाक्यं, त्यातला प्रत्येक 'सॉरी' लाल. मी म्हटलं, "ऐका. ही बाई स्वतःच्या हातानं स्वतःची खुर्ची मागे ओढते आहे." वर्गातल्या बायकांनी माना डोलावल्या. मागच्या बाकावर यशवंतपूरच्या गोदामांचा व्यवस्थापक बसतो, मूळचा हुबळीचा. त्यानं हात वर केला.

"मॅडम, परत एकदा लावता?"

मी लावलं. तो गालातल्या गालात हसायला लागला.

"मॅडम, ती सॉरी कुठे म्हणते आहे? ती सरी म्हणते आहे."

कन्नड कळणारे सगळे एकदम हसले. सरी म्हणजे बरं, ठीक, कळलं. या शहरात रिक्षावाला भाडं पटलं की सरी म्हणतो, भाजीवाली पिशवी हातात देताना सरी म्हणते, आमच्या सोसायटीचा वॉचमन फोन ठेवताना चार वेळा म्हणतो. मी स्वतः घरात कामाच्या बाईला दिवसभर तेच म्हणते. आणि मी हा तुकडा कानाला हेडफोन लावून किमान दहा वेळा ऐकला होता. दर वेळी समोर तो लाल कागद होता, आणि डोळ्यांनी सांगितलं तेच कानांनी ऐकलं. माणसाला जे हवं असतं तेच ऐकू येतं, यावर माझं एक अख्खं व्याख्यान आहे. दुसऱ्या आठवड्यात असतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

मीही वर्गाबरोबर हसले. दुसरं काय करणार?

वर्ग संपल्यावर खोलीचं दार लावून मी तिचं सगळं रेकॉर्डिंग डोळे मिटून ऐकलं. सरी, सरी, सरी. सगळ्यात मिळून एक खरा सॉरी सापडला, तोही एका मुलीच्या पायावरून ट्रॉलीचं चाक गेलं तेव्हाचा. आपल्याकडे 'ध'चा 'मा' करणं म्हणतात. आम्ही एक काना आणि वरचा अर्धचंद्र वाढवला, आणि एका ठणठणीत बाईला भित्री करून टाकली.

विद्यार्थिनीला फोन केला. ती रडक्या आवाजात म्हणाली, "मॅम, मी रोज ऑटोत हाच शब्द म्हणते." तिच्यावर ओरडावं असं मनात आलं होतं. अभिप्रायाखाली सही कुणाची आहे ते आठवलं आणि राग जिथून निघाला होता तिथेच परत आला.

सोमवारी मी कारखान्यात गेले. चंदापूरच्या सिग्नलला अर्धा तास अडकले, त्या वेळात काय बोलायचं ते तीन वेळा जुळवलं. कारखान्याचे व्यवस्थापक सज्जन गृहस्थ. त्यांनी कॉफी मागवली, माझं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. गुरुवारी पाळीच्या इन-चार्जच्या जागेसाठी मुलाखती होत्या. या बाईचं नाव यादीत पहिलं होतं. माझा अभिप्राय आला आणि त्यांनी ते काढलं.

"तो कागद प्रशिक्षणासाठी होता," मी म्हटलं.

"हो मॅडम. पण तुमच्या संस्थेचा शिक्का होता ना त्यावर. वाचल्यावर आम्हालाही त्या मऊच वाटायला लागल्या." मग म्हणाले, "आता तोंडी सांगून मी काय करू? लेखी द्या. गुरुवारच्या आत. आणि एक सांगतो, पुढच्या वर्षीपासून डिप्लोमा असल्याशिवाय इन-चार्ज नेमायचं नाही असं वरून आलंय. त्यांच्याकडे डिप्लोमा नाही. त्यांना हे माहीत आहे."

म्हणजे माझ्या 'अजून'ला पुढचं वर्ष नव्हतंच. या गुरुवारी झालं तर झालं, नाहीतर ही बाई निवृत्त होईपर्यंत त्याच लाइनवर.

मी तिला भेटायचं आहे असं सांगितलं.

ती कँटीनमध्ये आली. निळा कोट, केसांवर जाळी, हातात स्टीलचा पेला. मी उभी राहिले आणि पाठ करून आणलेल्या कन्नडमध्ये माफी मागायला सुरुवात केली. तिनं दोन वाक्यं ऐकली आणि हात वर केला.

"तुमचं कन्नड बेळगावकडचं आहे. घरात मराठी काय?"

मी चकित होऊन हो म्हटलं.

"मग मराठीत बोला की अक्का. आमचं पण मराठीच. आमच्या लोकांना तीन-चारशे वर्षं झाली म्हणतात इथं येऊन. आमचं मराठी ऐकून तुम्ही हसाल, ते सोडा. बसा."

मी बसले आणि सगळं सांगितलं. सॉफ्टवेअर, लाल रंग, वर्गातलं हसू, माझी सही. तिनं पेल्यातला चहा संपवला.

"होय काय! सरी म्हणाले, त्याचं हे झालं?" ती म्हणाली. "तो कागद मला वाचून दाखवला ना सायबांनी, तीन दिवस आठवत बसले होते अक्का मी. सॉरी कधी म्हणाले? कुणाला म्हणाले? घरी ह्यांना विचारलं, मी सारखी सॉरी म्हणते काय हो? ह्यांना हसून हसून ठसका लागला. म्हणाले, लग्न झाल्यापासून एकदा म्हणाली असतीस तर भिंतीवर तारीख लिहून ठेवली असती."

मला हसू आलं, पण ती हसत नव्हती.

"मग ट्रेनिंगला पाठवलं. दोन दिवस हॉटेलात. पाय लांब-लांब ठेवून उभं राहायचं, आरशात बघून 'नो' म्हणायचं. मी म्हटलं, असेल बाई माझ्यात काही खोट. एवढी शिकलेली माणसं लिहितात म्हणजे असेल. लाइनवर मी बोलायचंच कमी केलं. पोरी विचारायला लागल्या, अक्का, राग आला काय?" तिनं पेला बाजूला सारला. "त्याचं वाईट वाटलं. जागा गेली त्याच्यापेक्षा त्याचं."

मी म्हटलं, "मी आजच लेखी देते. तुम्ही या जागेसाठी पूर्ण योग्य आहात असं लिहिते."

"ते कसं लिहिणार?"

"म्हणजे?"

"तुम्ही मला बघितलंय काय काम करताना? पहिला कागद लिहिला तेव्हा पण नाही, आता पण नाही. तेव्हा यंत्रानं सांगितलं म्हणून वाईट लिहिलं. आता वाईट वाटलं म्हणून चांगलं लिहिणार. असला कागद मला नको." ती उठली. "बुधवारी सकाळी सहाला पाळी लागते. या. बघा. मग जे वाटेल ते लिहा."

इतक्या वर्षांत माझ्या संशोधनावर मोठमोठ्या परीक्षकांनी लांबलचक आक्षेप घेतले आहेत. इतका थोडक्यात आणि इतका बरोबर कुणी घेतला नव्हता. मला राग आला, आणि तो राग आला कारण तिचं खरं होतं.

बुधवारी पहाटे निघून मी पावणेसहाला दारात हजर झाले. त्यांनी मलाही निळा कोट आणि जाळी दिली. पाळी लागली आणि ती फळ्यांच्या कडेनं चालायला लागली, मी तिच्या मागे.

पहिली मुलगी म्हणाली, टेप चिकट येते आहे, सारखी तुटते. ही म्हणाली, सरी. दुसरी म्हणाली, पाच नंबरच्या कनेक्टरच्या पिना वाकड्या आहेत. सरी. तिसरी काही बोलली नाही, नुसतं पोट धरून हिच्याकडे बघितलं. हिनं तिच्या खांद्याला हात लावला, हळू आवाजात, सरी. मी वहीत लिहून घेत होते आणि मनात म्हणत होते, ही नुसती सरी सरी करते, पुढे काय?

पुढे असं झालं की लाइनच्या टोकाला पोचल्यावर ती वळली आणि परत निघाली. येताना स्टोअरमधून दुसऱ्या खोक्यातली टेप आणली. वाकड्या पिनांची पेटी तिनं स्वतः उचलून बाजूच्या टेबलावर ठेवली, त्यावर खडूनं फुली मारली आणि तपासणीवाल्याला हाक मारून त्याच्यासमोर एक वाकडी पिन धरून दाखवली. तो वाद घालायला लागला. हिचा आवाज चढला नाही, पण ती जागची हललीही नाही. शेवटी त्यानं पेटी नेली. पोट धरलेल्या मुलीच्या जागी तिनं स्वतः उभं राहून वीस मिनिटं तारा बांधल्या, मुलगी परत येईपर्यंत. तिच्या बोटांचा वेग बघून मी लिहायचं थांबवलं.

कुणाचीही तक्रार तिला दुसऱ्यांदा सांगावी लागली नाही. ती सरी म्हणाली की ते काम सांगणारीच्या डोक्यावरून उतरून हिच्या डोक्यावर जायचं, आणि हे तिथल्या सगळ्या मुलींना ठाऊक होतं. मी अधिकारावर वीस वर्षं बोलत होते. तो दोन अक्षरांत असा घेता येतो हे मला माझ्याच भाषेच्या शेजारच्या घरात दिसलं नव्हतं.

दहाच्या सुट्टीत मी कँटीनमध्ये बसून पत्र लिहिलं. जुना अभिप्राय चुकीचा होता, चूक आमच्या पद्धतीची आणि माझी होती, मी तो मागे घेत आहे. मग सकाळी जे पाहिलं ते, टेप आणि पिनांसकट. पत्र इंग्रजीत होतं, म्हणून मी तिला एकेक वाक्य मराठीत सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटचं वाक्य होतं, 'त्या पाळीची जबाबदारी उत्तम सांभाळू शकतील.'

"शकतील?" ती म्हणाली.

"हो. चांगलं आहे ते."

"इन-चार्ज रजेवर असला की पाळी कोण बघतं अक्का? गेल्या दिवाळीत तो तीन आठवडे गावाला होता. 'सांभाळू शकतील' नको. 'सांभाळतात' लिहा."

मी ते वाक्य खोडलं आणि तिनं सांगितलं तसं, दिवाळीच्या तीन आठवड्यांसकट, लिहिलं. इतक्या वर्षांत मी शेकडो शिफारसपत्रं लिहिली असतील, आणि त्या सगळ्यांत लोक काहीतरी करू शकतील, होऊ शकतील असंच म्हटलं असेल. आम्ही कुणालाच आज काही करताना पकडत नाही.

व्यवस्थापकांनी पत्र दोनदा वाचलं. दिवाळीचा उल्लेख आला तिथे त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "हे मात्र खरं आहे." त्यांनी तिचं नाव यादीत परत घातलं. त्याच दुपारी मी संस्थेत जाऊन आमच्या डीनना सगळं सांगितलं आणि याच अभ्यासावर जर्नलला पाठवलेला निबंध मागे घेतला. तो छापून येणार म्हणून माझ्या बढतीची फाइल तयार होती, ती कपाटात परत गेली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्या रात्री झोप लागली.

गुरुवारचा दिवस मी फोनकडे बघत काढला. संध्याकाळी व्यवस्थापकांचा निरोप आला, झालं म्हणून. मी एकटीच होते खोलीत, आणि मला चक्क रडू आलं. विद्यार्थिनीला सांगितलं तर ती फोनवरच किंचाळली. आता ती कन्नडच्या शिकवणीला जाते आणि रेकॉर्डिंग आधी ऐकते, मग वाचते. नवा अभ्यास आम्ही पहिल्यापासून सुरू केला आहे. यंत्र वापरतो, पण शेवटचा शब्द त्याचा नसतो.

त्यानंतर दोन महिन्यांनी एका दुपारी तिचा फोन आला. मला वाटलं, सहज केला असेल. विचारलं, कसं चाललंय?

"चाललंय," ती म्हणाली. "अक्का, एक काम होतं. माझी लाइन रिकामी आहे ना, तिथं सुपरवायझर नेमायची आहे. दोन पोरी आहेत. सायबांनी सांगितलंय, दोघींवर एकेक पान लिहून द्या. सकाळपासून पेन घेऊन बसले आहे. एक ओळ लिहिते आणि खोडते." मग तिचा आवाज खाली आला. "माझ्या हातून चुकलं तर त्या पोरीचं काय होतं ते मला माहीत आहे. तुम्ही एवढी वर्षं हे करता. तुम्हाला भीती वाटत नाही?"

मी खरं सांगितलं. म्हटलं, आधी वाटत नव्हती, आता वाटते.

"मग बरं झालं," ती म्हणाली. "उद्या सकाळी सहाला येता काय? दोघींच्या शेजारी स्वल्प वेळ उभं राहू. मग बसून लिहू."

दुसऱ्या दिवशी साडेनऊला आमच्या विभागाची बैठक होती. येणार नाही असं मी कळवून टाकलं आणि पहाटेची गाडी सांगून ठेवली.